छावणीतला उपदेश

१८५७ सालच्या जानेवारी महिन्यात मुंबईला बॅकबेच्या पुळणीवर एक वाद सुरू झाला. एका बाजूला विष्णुबुवा ब्रह्मचारी. हे मूळचे विष्णु भिकाजी गोखले, आजच्या रायगड जिल्ह्यातले. जकात खात्यातली नोकरी सोडून त्यांनी धर्मचर्चेला वाहून घेतले होते. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती पाद्री मंडळी. दर आठवड्याला समुद्रावर लोक जमत. पाद्री प्रश्न घालीत, बुवा उत्तरे देत. मग बुवा उलट प्रश्न करीत आणि पाद्री त्यांचे खंडन करीत. ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर तो धोतर झटकून घरचा रस्ता धरी. मे महिन्याच्या अखेरपर्यंत हा प्रकार चालला. शब्द दोन्हीकडून तिखट असत. शेवटी जॉर्ज बोवेन नावाच्या अमेरिकन पाद्र्याने या वादाचा वृत्तांत छापला आणि वाद पुस्तकात जाऊन विसावला.

नेमक्या त्याच महिन्यांत, कलकत्त्याजवळच्या बराकपूर छावणीत, एक कर्नलसाहेब आपल्या धर्माबद्दल लोकांशी बोलत होते. त्यांचे नाव व्हीलर. चौतिसाव्या बंगाल पायदळ पलटणीचे ते मुख्य. कानपूरच्या वेढ्यातला जनरल व्हीलर तो वेगळा. शाळेत शिकवताना या दोघांची गल्लत होते, म्हणून सांगून ठेवतो. विषय तोच, ख्रिस्ती धर्म. शब्द बहुधा समुद्रावरच्या पाद्र्यांपेक्षा सौम्यच असतील. पण या कर्नलच्या बोलण्याची चौकशी थेट गव्हर्नर जनरलपर्यंत गेली, आणि असल्या माणसाच्या हाती पलटण देणे योग्य नाही, असा शेरा लॉर्ड कॅनिंगला लिहावा लागला.

आता श्रोते हो, गंमत पहा. पुळणीवर चालले ते छावणीत कां चालू नये? आपल्या मनातली श्रद्धा दुसऱ्याला सांगण्याचा हक्क बुवांना होता, पाद्र्यांना होता, मग कर्नललाच कां नसावा? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. हिंदुस्थानच्या फौजेत तो किती वेळा उठला आणि दर वेळी काय किंमत घेऊन गेला, ते सांगायचे तर आपल्याला आणखी पन्नास वर्षे मागे, मद्रास इलाख्यातल्या वेल्लोरच्या किल्ल्यात जावे लागेल.

वेल्लोरला गोष्ट उपदेशाची नव्हती, पोशाखाची होती. मद्रास फौजेचा सरसेनापती सर जॉन क्रॅडॉक याला शिपाई नीटनेटके, एका साच्यातून काढल्यासारखे दिसायला हवे होते. १८०५ च्या अखेरीस नव्या घाटाची पगडी मंजूर झाली. तिच्यावर चामड्याचा तुरा. १८०६ च्या वसंतात नियमांचे नवे पुस्तक निघाले आणि त्यात एक कलम घातलेले होते: पोशाखात असताना कपाळावर गंध नको, कानात बाळी नको, हनुवटी साफ भादरलेली हवी, मिशा साऱ्यांच्या एका बेताच्या. गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंकने पुस्तकावर सही केली. हे कलम नवीन आहे हे आपल्या ध्यानात आले नव्हते, असे त्याने पुढे सांगितले. सही करणारे सगळेच कागद वाचतात असे नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

साहेबाच्या दृष्टीने ही निव्वळ टापटीप. पण शिपायाच्या बाजूने विचार करा. गंध पुसले की गावचा ब्राह्मण म्हणणार, हा आपल्यातला राहिला नाही. दाढी काढली की मशिदीतले लोक तेच म्हणणार. पगडीवरचे चामडे कोणत्या जनावराचे, ते कुणी सांगेना. हिंदूला गायीची शंका, मुसलमानाला डुकराची. वरून ती पगडी दिसायला फिरंग्याच्या टोपीसारखी. आणि टोपीवाला म्हणजे कोण, हे खेड्यातल्या पोरालासुद्धा कळत होते. पोशाख बदलला म्हणजे धर्म बदलण्याची ही पहिली पायरी, असा अर्थ लोकांनी लावला. अर्थ चुकीचा होता. कंपनीला कुणाला बाटवायचे नव्हते, तिला व्यापार करायचा होता आणि वसूल गोळा करायचा होता. पण हुकूम देताना कारण सांगितले नाही, की ऐकणारा आपल्या पदरचे कारण घालतो.

त्या मे महिन्यात एका पलटणीने पगडी घ्यायचे नाकारले. पुढारी म्हणून दोघांना, एक हिंदू आणि एक मुसलमान, फटक्यांची जबर शिक्षा देऊन पलटणीतून काढले. बाकीच्यांनी तोंडे मिटली. मला वाटते, वेल्लोरच्या साऱ्या हकिगतीत हाच क्षण सर्वांत महत्त्वाचा. शिपाई अजून बोलत होते, तोपर्यंत काही बिघडले नव्हते. ते बोलायचे थांबले, तेव्हा साहेबलोकांना वाटले, प्रकरण मिटले.

जून महिन्यात मुस्तफा बेग नावाच्या एका शिपायाने कर्नल फोर्ब्सच्या कानावर घातले, की किल्ल्यात कट शिजतो आहे. फोर्ब्सने चौकशी केली ती देशी अंमलदारांकडे, आणि कटात मुख्य होते ते हेच. त्यांनी सांगितले, साहेब, हा माणूस वेडा आहे. मुस्तफा बेगला बेड्या पडल्या. पुढे सरकारने त्याला बक्षीस दिले म्हणतात ते खरे, पण बेड्या पडल्या त्या आधी.

१० जुलै १८०६ ची पहाट. किल्ल्यातल्या शिपायांनी एकोणसत्तराव्या गोऱ्या पलटणीच्या बराकींवर गोळ्या झाडल्या. माणसे झोपेत होती, शंभराहून अधिक गोरे मेले. टिपू सुलतानाचे कुटुंब त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते. म्हैसूरचे वाघाचे निशाण वर चढले. मग अर्काटहून कर्नल गिलेस्पी घोडदळ घेऊन दौडत आला. दरवाजा तोफेने उडवला आणि आत जी कत्तल झाली तीत निदान साडेतीनशे शिपाई मारले गेले. कित्येकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. सकाळ संपायच्या आत सारे आटोपले होते.

त्याच उन्हाळ्यात हैदराबादच्या तैनाती फौजेतही हीच कुजबुज चालू होती. तिथल्या सेनाधिकाऱ्याने आणि रेसिडेंटाने मिळून एक शहाणपणा केला. मद्रासच्या परवानगीची वाट न पाहता नव्या पोशाखाचा हुकूम तहकूब ठेवला. हैदराबाद शांत राहिले. पगडी तीच, शिपाई तसलेच, कलम तेच.

पगडीचा हुकूम अर्थातच मागे घेण्यात आला. क्रॅडॉक आणि बेंटिंक दोघांनाही १८०७ मध्ये विलायतेला परत बोलावले. बेंटिंकला ही ठेच जन्मभर पुरली. वीस वर्षांनी तोच गृहस्थ गव्हर्नर जनरल होऊन आला आणि सती बंद करायचे त्याने मनात घेतले, तेव्हा आधी एकोणपन्नास लष्करी अधिकाऱ्यांना खाजगी पत्रे घालून विचारले, की शिपायांच्या मनावर याचा काय परिणाम होईल? उत्तरे आली, मग १८२९ चा कायदा झाला. लोकांच्या धर्मसमजुतीत सरकारने कधीच हात घालू नये असा काही वेल्लोरचा अर्थ नव्हे. विधवेला चितेवर जाळणे आणि शिपायाच्या कपाळीचे गंध या दोन गोष्टींना एका तागडीत कोण घालील?

विलायतेत मात्र वेल्लोरचा अर्थ काढण्यावरून मोठी खडाजंगी झाली. पाद्र्यांना हिंदुस्थानात मोकळे सोडले म्हणून शिपाई बिथरले, असे एक पक्ष म्हणू लागला. याला आधार थोडा होता. वेल्लोरच्या बंडात पाद्र्यांचा हात दाखवता येत नाही. पण भ्यालेल्या सरकारला आधार लागतोच असे नाही. १८०७ साली लॉर्ड मिंटो गव्हर्नर जनरल म्हणून नुकताच कलकत्त्यात उतरला होता, आणि त्याच्या हाती एक फारसी चोपडे आले. त्यात पैगंबरांची निंदा होती. ते छापले होते श्रीरामपूरच्या पाद्र्यांच्या छापखान्यात. श्रीरामपूर तेव्हा डेन लोकांच्या ताब्यात, म्हणजे कंपनीच्या हद्दीबाहेर. तरी मिंटोने हुकूम केला, की छापखाना कलकत्त्याला आणा, आमच्या नजरेखाली.

या श्रीरामपूरच्या छापखान्याशी आपल्या मराठीचे एक जुने नाते आहे. तिथला मुख्य पाद्री विल्यम केरी. हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात साहेबलोकांना बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवी. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश. वैजनाथ शर्मा नावाचे पंडित त्याच्या हाताशी होते. तेव्हा मिंटोने तो छापखाना उचलून नेला असता, तर मराठीच्या छापील ग्रंथांचा आरंभही अडखळला असता. केरी आणि त्याच्या सोबत्यांनी नम्र अर्ज केला, डॅनिश गव्हर्नरानेही हरकत घेतली, आणि मिंटोने माघार घेतली. अट एवढीच राहिली, की जे छापाल ते आधी सरकारला दाखवा.

माझ्या मते मिंटोची पहिली उडी अतिरेकी होती आणि दुसरी तडजोड सोसण्यासारखी होती. एका धर्माची शिकवण सांगणे निराळे, दुसऱ्याच्या पैगंबराला शिव्या देणे निराळे. हा फरक पुढे आपल्या कायद्यातही आला. १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ हे कलम घातले गेले. कोणत्याही वर्गाच्या धर्मभावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने दुखवण्याबद्दल त्यात शिक्षा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९९ व्या क्रमांकाने चालू आहे. पण हे झाले गावातल्या, बाजारातल्या बोलण्याबद्दल. छावणीचा हिशेब आणखी वेगळा.

तो कसा वेगळा, हे मीरतच्या एका नाइकाच्या हकिगतीवरून कळते. प्रभुदीन त्याचे नाव. पंचविसाव्या पलटणीतला हा माणूस १८१९ साली आपल्या राजीखुशीने ख्रिस्ती झाला. हेन्री फिशर नावाच्या पाद्र्याने त्याला बाप्तिस्मा दिला. सरकारला वेल्लोर आठवले. चौकशी बसली. प्रभुदीनने कुणावर जबरदस्ती केली नव्हती, कुणाच्या देवाला वाईट म्हटले नव्हते, नोकरीत कसूर केली नव्हती. तरी त्याला पलटणीतून दूर करण्यात आले. पगार चालू ठेवला, काम काढून घेतले. पगार मिळतो मग तक्रार कसली, असे कुणी म्हणेल. ज्याने फौजेत दिवस काढले आहेत त्याला विचारा, की रांगेतून बाहेर काढले जाणे म्हणजे काय. आपले सरकार शिपायाच्या धर्माला जपते, असे कंपनी अभिमानाने सांगे. ते जपणे पलटणीच्या धर्माचे होते. एकट्या माणसाच्या मनाला त्यात जागा नव्हती.

आणि ही अडचण एका बाजूची होती असेही समजू नका. मद्रास इलाख्यात देवस्थानांच्या उत्सवांना सरकारी मानवंदना देण्याची चाल होती. तोफांची सलामी होई, फौज हजर राही. पुष्कळ गोऱ्या अंमलदारांना याचे काही वाटत नसे. पगार घ्यायचा, सलामी द्यायची. पण काहींच्या मनाला ते लागे. मूर्तीपुढे हत्यार खाली करणे म्हणजे आपल्या धर्माविरुद्ध वागणे, असे ते म्हणत. १८३६ साली मद्रासचे बिशप कॉरी यांच्यामार्फत पुष्कळांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. सरकारने उलट कान उपटले. मद्रास फौजेचा सरसेनापती तेव्हा सर पेरेग्रिन मेटलंड होता. ज्या समारंभात भाग घ्यायला शिपायाचे मन घेत नाही, त्यात त्याला हुकमाने उभे करायचे काम आपल्या हातून होणार नाही, अशी त्याची भूमिका. १८३८ मध्ये त्याने राजीनामा दिला. सरसेनापतीने सदसद्विवेकासाठी जागा सोडली, हा प्रकार फौजेच्या इतिहासात वारंवार सापडणारा नाही.

आपल्या इकडच्या मुंबई लष्कराची रीत बंगालपेक्षा निराळी होती, हेही इथे सांगायला हवे. बंगालच्या पलटणी अवध-बिहारकडच्या ब्राह्मण-रजपुतांनी भरलेल्या. चुलीपासून पाण्यापर्यंत प्रत्येकाचे सोवळे निराळे. मुंबईच्या पलटणीत मराठे, महार, मुसलमान, परदेशी एकाच रांगेत उभे राहात. घरी गेल्यावर जातगंगा होतीच. पण कवायतीच्या मैदानावर जात विचारायची नाही, अशी तिथली शिस्त. मुंबई लष्करात गडबड झालीच नाही असे नाही. १८५७ च्या ३१ जुलैला कोल्हापूरची सत्ताविसावी पलटण उठली होतीच. पण एकंदर मुंबई लष्कर बंगालसारखे कोसळले नाही, आणि त्याच्या अनेक कारणांत हेही एक कारण लोक देतात.

आता बराकपूरला परत जाऊ. १८५७ उजाडले तेव्हा बंगालच्या शिपायाच्या मनात आधीच बरेच साठले होते. १८५६ साली अवधचे राज्य खालसा झाले, म्हणजे हजारो शिपायांचे घरचे राज्य गेले. त्याच वर्षी कायदा झाला, की नव्या भरतीच्या शिपायाने समुद्रापलीकडेही जायचे. शिवाय त्याच्या थोडे आधी, १८५५ साली, कलकत्त्याहून एडमंड नावाच्या एका गृहस्थाने पत्रे छापून वाटली होती, विशेषतः सरकारी नोकरांना. मतलब असा, की आता सारा देश एका राजवटीखाली आला, तारायंत्राने आणि आगगाडीने जोडला गेला, तेव्हा धर्मही एकच व्हावा. पत्र एका खाजगी माणसाचे. पण सर सय्यद अहमद खान यांनी बंडाच्या कारणांवर जे पुस्तक लिहिले त्यात म्हटले आहे, की लोकांना हे पत्र सरकारकडूनच आलेले वाटले. मग बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नराला जाहीर करावे लागले, की बाबांनो, यात आमचा काही हात नाही.

पत्र लिहिणारा खाजगी माणूस होता आणि तरी लोकांना त्यात सरकार दिसले. मग बोलणारा खुद्द पलटणीचा कर्नल असला तर?

व्हीलरला खुलासा विचारण्यात आला, तेव्हा त्याने एप्रिल महिन्यात लांबलचक पत्रे लिहिली. माणूस प्रामाणिक होता हे त्यांतून दिसते. त्याने काही लपवले नाही. वीस वर्षांहून अधिक काळ आपण सर्व तऱ्हेच्या लोकांशी, शिपायांशीसुद्धा, ख्रिस्ती धर्माबद्दल बोलत आलो, असे त्याने सांगितले. रस्त्यावर, शहरात, बाजारात, खेड्यात बोललो. मात्र पलटणीच्या लाइनीत किंवा पलटणीच्या बाजारात नाही, हा त्याचा बचाव. लोकांनी ख्रिस्ती व्हावे असा आपला उद्देश होता का? होय, होता. देवाचा शब्द दुसऱ्याला सांगणे हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, आणि सरकारची नोकरी इमानाने करणे हे दुसरे कर्तव्य. दोन्ही आपण पाळली, अशी त्याची समजूत.

लाइनीत नाही, रस्त्यावर. व्हीलरला वाटले, छावणीचे फाटक ओलांडले की आपण कर्नल नव्हे, साधा भाविक. पण शिपायाला ते फाटक ओलांडता येत होते का? रस्त्यात कर्नल दिसला की शिपाई टाचा जुळवून सलाम ठोकणार. कर्नल थांबला की तोही थांबणार. कर्नल बोलू लागला की तो ऐकणार, मान हलवणार, ‘जी हुजूर’ म्हणणार. ‘साहेब, मला हे पटत नाही’ असे विष्णुबुवांसारखे तोंडावर म्हणायची सोय त्याला नव्हती. त्याची बढती त्या साहेबाच्या हाती, रजा त्याच्या हाती, शिक्षाही त्याच्या हाती. उपदेश करणाऱ्याने प्रेमाने केला असेल. ऐकणाऱ्याला त्यात हुकूम ऐकू आला. आणि त्याच दिवसांत नव्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावली आहे, अशी बातमी लाइनीतून फिरत होती. ज्याचा कर्नल रस्त्यात थांबवून ख्रिस्ताचे नाव सांगतो, त्या शिपायाला ती बातमी खोटी वाटावी तरी कशी?

२९ मार्चला मंगल पांडे बंदूक घेऊन बाहेर पडला. तो याच चौतिसाव्या पलटणीचा. त्याने दोघा अंमलदारांना जखमी केले. व्हीलर तिथे आला, पहारेकऱ्यांना म्हणाला, याला धरा. कुणी हलले नाही. पुन्हा हुकूम केला. पहारा चार पावले पुढे आला आणि थांबला. व्हीलर परत फिरला. मग जनरल हिअर्से घोड्यावरून आला, पिस्तूल दाखवून त्याने पहाऱ्याला पुढे काढले, आणि मंगल पांडेने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तो वाचला, ८ एप्रिलला त्याला फाशी दिले. पहाऱ्यावरचा जमादार ईश्वरी प्रसाद २१ एप्रिलला फासावर गेला. ६ मे रोजी बराकपूरला असलेल्या चौतिसाव्या पलटणीच्या तुकड्या मोडून टाकल्या. चार दिवसांनी मीरत पेटले.

व्हीलरच्या उपदेशाने सत्तावनचे बंड झाले, असे मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या वणव्याला एका माणसाची काडी पुरत नाही. पण बंड झाल्यावर सरकारने ज्या पहिल्या गोष्टींचे हिशेब केले त्यांत ही होती. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादला कॅनिंगने राणीचा जाहीरनामा वाचला. आपला धर्म प्रजेवर लादण्याचा हक्क आम्हाला नको आणि तशी इच्छाही नाही, असा त्यातला आशय. आणि त्याच परिच्छेदात पुढे अंमलदारांना सक्त ताकीद आहे, की प्रजेच्या श्रद्धेत आणि पूजेत ढवळाढवळ करू नका. शाळेत आपण जाहीरनाम्याचा पहिला अर्धा भाग मुलांकडून पाठ करून घेतो. दुसरा अर्धा कुणासाठी लिहिला होता, तेही त्यांना सांगावे.

जिभेला लगाम घालायचा म्हटले की तो कुठे थांबवायचा, हे सरकारला नेहमी कळतेच असे नाही. १३ जून १८५७ ला कॅनिंगने वर्षभराचा छापखान्यांचा कायदा केला. परवान्याशिवाय छापखाना नाही, सरकारबद्दल अप्रीती पसरवाल तर परवाना रद्द. हा कायदा देशी पत्रांना होता तसाच इंग्रजी पत्रांनाही, आणि त्याचा इंग्रजांना फार राग आला. लगेच ताकीद मिळालेल्यांत एक पत्र श्रीरामपूरहून निघणारे ‘फ्रेंड ऑफ इंडिया’. प्लासीच्या लढाईला शंभर वर्षे झाली म्हणून त्याने जो लेख छापला, तो सरकारला भडक वाटला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या गावच्या छापखान्याला मिंटोने हात घातला, तेच हे गाव.

स्वतंत्र भारताने हा गुंता जसाच्या तसा वारशाने घेतला आणि राज्यघटनेत त्याची वाट काढली. एकोणिसाव्या अनुच्छेदाने बोलण्याचे स्वातंत्र्य, पंचविसाव्याने श्रद्धा बाळगण्याचे, पाळण्याचे आणि तिचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य. मग तेहतिसावा अनुच्छेद म्हणतो, की फौजेतल्या माणसांना हे हक्क कितपत लावायचे, ते संसदेने कायद्याने ठरवावे. हेतू एवढाच, की त्यांनी आपले कर्तव्य नीट पार पाडावे आणि शिस्त राहावी. त्याप्रमाणे १९५० चा सैन्य कायदा आला. त्याच्या एकविसाव्या कलमात राजकीय संस्था, सभा-मिरवणुका आणि वर्तमानपत्रांत लिहिणे यांवर बंधने घालण्याची सोय आहे. त्या यादीत धर्माचे नाव नाही. चौसष्टाव्या कलमात मात्र, जो कुणी दुसऱ्याच्या धर्माचा जाणूनबुजून अपमान करील किंवा धर्मभावना दुखवील त्याला शिक्षा सांगितली आहे. आणि सव्विसाव्यात शिपायाला तक्रार करण्याचा हक्क आहे, एकेकट्याने, वरिष्ठांकडे. वेल्लोरच्या शिपायांकडे एवढे एक कलम असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहात नाही.

आज आपल्या पलटणींत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मशिक्षक नेमलेले असतात. सगळ्या जातीधर्मांच्या जवानांच्या तुकडीत बहुधा एकच ‘सर्वधर्म स्थळ’ असते; एका छपराखाली सारे देव. मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ म्हणून धावतो, शीख जवान ‘बोले सो निहाल’ म्हणतो. अशी घोषणा नुसती भाविकता नव्हे, तीत एकमेकांवर जीव टाकण्याची शपथ असते. त्यामुळे अधिकाऱ्याने आपल्या जवानांच्या पूजेला जाणे ही रीतच पडलेली आहे.

पण जुना प्रश्न अधूनमधून डोके वर काढतोच. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमानदलातल्या मुसलमान जवानांच्या दाढीचा निकाल दिला. ज्याच्या धर्मात केस कापणे निषिद्ध आहे त्यालाच नियमाने सूट मिळते, आणि या प्रकरणात तसा निषेध दाखवता आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. वेल्लोरची हनुवटी दोनशे दहा वर्षांनी दिल्लीला आली म्हणा ना! फरक एवढा, की या वेळी दोन्ही बाजूंना वकील होते, आणि निकालाची कारणे छापून मिळाली.

दुसरे प्रकरण त्याहून अवघड. एका रणगाडा पलटणीच्या शीख तुकडीवर एक तरुण ख्रिस्ती लेफ्टनंट होता. दर आठवड्याच्या धार्मिक परेडला तो जवानांबरोबर जाई, अंगणात उभा राही. पण गाभाऱ्यात जाऊन पूजाविधीत भाग घ्यायला त्याने नकार दिला. आपला एकेश्वरी विश्वास आड येतो, असे तो म्हणाला. वरिष्ठांनी समजावले, पाद्र्यांचे मतही घेतले. मार्च २०२१ मध्ये त्याला नोकरीतून काढले. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये फौजेचीच बाजू उचलून धरली. तुकडीचा नायक जवानांच्या श्रद्धेपासून दूर उभा राहिला तर त्यांची एकजूट ढिली होते, हा त्यामागचा विचार.

विचार खोटा नाही. ज्याच्या शब्दावर माणसे मरायला निघतात त्याचे अंगणात उभे राहणे जवानांच्या नजरेतून सुटणार नाही. व्हीलरचे बोलणे ऐकताना शिपाई जसा कर्नल विसरू शकला नाही, तसाच हा लेफ्टनंट गप्प उभा असला तरी लेफ्टनंटच. तरी मला व्हीलरपेक्षा इथे मेटलंडचीच आठवण अधिक होते. व्हीलर दुसऱ्याच्या मनात शिरू पाहात होता. मेटलंडला आणि या तरुणाला स्वतःचे मन तेवढे राखायचे होते. निकाल लागला, तो मानला पाहिजे. पण या दोन गोष्टी एकाच मापाने मोजाव्यात का, याविषयी माझे मन अजून निश्चिंत नाही. मेटलंड राजीनामा देऊन गेला आणि १८४४ साली केप वसाहतीचा गव्हर्नर झाला. लेफ्टनंट निवृत्तिवेतनावाचून घरी गेला.